तापणे आणि मुरणे : घरगुती ध्वनियंत्रांविषयीच्या दोन समजुतींचा इतिहास



चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात श्रोत्यांना सभागृहात बसवून तापण्याविषयीच बोलणारा वक्ता धाडसी म्हटला पाहिजे! परंतु मला बोलावयाचे आहे ते हवेच्या तापण्याविषयी नव्हे, तर रेडिओ, ग्रामोफोन आणि त्यांच्या वंशातील यंत्रांच्या तापण्याविषयी. यंत्र तापले म्हणजे त्याचा आवाज सुधारतो, आणि नवे यंत्र काही दिवस वाजवून मुरविले म्हणजे ते गोड लागते, अशा दोन समजुती घरोघर होत्या. आजही हौशी मंडळींत त्या मोठ्या निष्ठेने पाळल्या जातात. त्या आल्या कोठून, त्यांत तथ्य किती आणि तथ्य संपल्यावरही त्या टिकल्या कशा, हा आजचा विषय आहे.

माझ्या लहानपणी आमच्या घरी भिंतीतील फळीवर लाकडी पेटीचा एक रेडिओ होता. त्याच्यावर आईने विणलेले दोऱ्याचे झाकण असे. बातम्यांची वेळ जवळ आली की वडील म्हणत, “लाव रे, तापू दे त्याला जरा.” बटण फिरविले की आतील दिवा लागे, पण आवाज येत नसे. थोड्या वेळाने दुरून कोणी कुजबुजत यावे तसा आवाज येई आणि मग भरे. पुढची पाचदहा मिनिटे वडील मधूनमधून काटा किंचित सरकवीत. शेवटी समाधानाने ते म्हणत, “आता कसा गोड लागतोय!”

या साध्या प्रसंगात तीन निरनिराळे दावे एकत्र नांदत होते. पहिला, तापल्याखेरीज यंत्र बोलतच नाही. दुसरा, तापेपर्यंत ते स्थिर होत नाही. तिसरा, तापल्यावर ते गोड होते. यांपैकी पहिले दोन खरे होते, आणि त्यांच्या खरेपणाच्या आधाराने तिसरा बिनचौकशीचा घरात शिरला. माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. आता त्याचा इतिहास पाहू.

ज्या काळी तापण्याचा प्रश्नच नव्हता

एडिसनने 1877 साली फोनोग्राफ सिद्ध केला आणि बर्लिनरने 1887 साली तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट मागितले. 1902 साली फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला व त्याने गोहरजानचे गाणे तबकडीवर उतरविले. या साऱ्या व्यवहारात विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्यासमोर गावे, त्या आवाजाच्या जोराने सुई हलावी आणि मेणात रेघ उमटावी. घरी ऐकताना हाच क्रम उलटा होई. चावी दिली, पिन टेकविली, की गाणे सुरू. तापविण्यासारखे त्या यंत्रात काही नव्हतेच.

मुरण्याचे म्हणाल, तर तेथे स्थिती अगदी उलट होती. पोलादी पिन वाजता वाजता झिजे आणि तबकडीच्या रेघाही झिजवी. म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन घालावी, अशी सूचना असे. म्हणजे वापराने आवाज सुधारतो हा विचार त्या काळच्या ग्रामोफोनवाल्यास सुचणेही कठीण. त्याच्या अनुभवात वापर म्हणजे झीज.

परंतु याच काळातील एक प्रकरण आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे. 1915 पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगाव जाहीर कसोट्या भरविल्या. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी यंत्र. दिवे मालवीत, आणि गायिका कधी स्वतः गाई, तर कधी थांबून यंत्राला गाऊ देई. दिवे लागले म्हणजे प्रेक्षक थक्क होत, कारण कोण केव्हा गात होते हे अनेकांना ओळखता येत नसे. आज ती तबकडी ऐकली तर तिची खरखर आणि तिचा आखूड पल्ला आपल्याला लगेच जाणवतो. मग त्या हजारो लोकांचे कान बिघडलेले होते काय? मुळीच नाही. त्या कसोट्यांत गाणाऱ्या ॲना केस या गायिकेने उतारवयात सांगून टाकले की, आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळेल असाच आपण लावीत होतो. शिवाय, फरक कळणार नाही अशी अपेक्षा जाहिरातींनी आधीच पेरून ठेवलेली होती. कान हा निर्मळ साक्षीदार खरा. पण साक्षीपूर्वी त्याला कोणी पढविलेले नसावे, एवढी अट आहे.

व्हॉल्व्ह आला आणि वाट पाहणे आले

तापण्याची कथा खऱ्या अर्थाने सुरू होते ती निर्वात नलिकेपासून, म्हणजे आपल्या बोलण्यातील व्हॉल्व्हपासून. विजेच्या दिव्यातील तापलेल्या तारेपासून निर्वात पोकळीतून वीज पलीकडे जाते, हे एडिसनला 1880 नंतरच्या काही वर्षांत आढळले होते. त्याचा उपयोग करून फ्लेमिंगने 1904 साली पहिला व्हॉल्व्ह केला. 1906 च्या सुमारास डी फॉरेस्टने त्यात जाळी बसविली, आणि या जाळीमुळे क्षीण विद्युत्-संदेश मोठा करता येऊ लागला. घरात ऐकू येणारा भरदार आवाज हे या जाळीचे देणे आहे.

या नलिकेचे मर्म उष्णतेत आहे. धातू थंड असेल तर त्यातील विद्युत्कण बाहेर पडत नाहीत. दूध तापले की वाफ निघते, तसे धातू तापला की विद्युत्कण निघतात. बेरियम व स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडचा लेप दिला, तर हे काम सुमारे 700 ते 800 अंश सेल्सिअसला साधते. तेथवर पारा चढेपर्यंत व्हॉल्व्ह मुका. तेव्हा वडिलांचा पहिला दावा अक्षरशः खरा होता.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. अगदी आरंभीचे रेडिओ बॅटरीवर चालत. त्यांत तापणारी तार हीच कण सोडणारी असे. तार नाजूक, म्हणून क्षणात तापे आणि वाट पाहावी लागत नसे. मुंबईचे नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले, त्या सुमारास हे स्थित्यंतर घडत होते. रेडिओ घरातील विजेवर चालविण्याची सोय निघाली, पण आपली वीज उलटसुलट वाहणारी. तीच तारेत सोडली तर आवाजात सतत घुंघूं येई. उपाय असा निघाला की, तारेने स्वतः कण न सोडता भोवतालची एक बारीक नळी तापवावी आणि कण त्या नळीने सोडावेत. घुंघूं गेले. मात्र नळी तापायला पंधरावीस सेकंद लागू लागले. आपल्या वाडवडिलांनी पाहिलेली ती वाट म्हणजे आवाज स्वच्छ होण्याची किंमत होती!

दुसरा दावाही खरा होता. त्या रेडिओत स्वतःची एक कंपनसंख्या निर्माण करणारे मंडल असते, आणि तिच्याशी मेळ घालून स्टेशन पकडले जाते. पेटीतील तारेची वेटोळी व धारित्रे, म्हणजे कंडेन्सर, उबेने किंचित फुगतात; त्यामुळे ही कंपनसंख्या पहिल्या काही मिनिटांत सरकते आणि लावलेले स्टेशन हळूहळू निसटू लागते. म्हणून वडील काटा सरकवीत. 1935 पासून काही रेडिओंत हिरवा डोळा बसविलेला असे. त्या डोळ्यातील सावली अरुंद झाली की स्टेशन नेमके लागले असे समजावे. तोही तापल्याखेरीज उघडत नसे.

मुरण्यालाही येथे आधार होता. नव्या व्हॉल्व्हच्या लेपातून कण निघण्याचे प्रमाण प्रारंभी डळमळते. म्हणून कारखान्यातच व्हॉल्व्ह काही काळ चालवून स्थिर करीत आणि मग बाजारात धाडीत. आणि व्हॉल्व्ह जळतो तो बहुधा बटण लावण्याच्या क्षणी, हेही जाणत्यांना ठाऊक होते. इंग्लंडच्या टपालखात्यातील अभियंता टॉमी फ्लॉवर्स याला टेलिफोनच्या कामातून हा अनुभव होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उकलण्यासाठी सुमारे 1600 व्हॉल्व्हांचे यंत्र बांधण्याचा बेत त्याने मांडला, तेव्हा इतके व्हॉल्व्ह एकाच वेळी धड राहणार नाहीत अशी शंका घेण्यात आली. ते बंदच केले नाहीत तर टिकतात, हे त्याचे उत्तर होते. 1944 च्या आरंभी ते ‘कोलॉसस’ यंत्र कामास लागले आणि फ्लॉवर्स खरा ठरला. यंत्र चालूच ठेवावे, या आजच्या हौशी सल्ल्याला असा प्रतिष्ठित पूर्वज आहे. मात्र फ्लॉवर्सला यंत्र टिकवावयाचे होते. आवाज गोड करण्याचा त्याचा दावा नव्हता.

आपल्या हवेतही या वहिवाटीला एक कारण होते. पावसाळ्यात सेट आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ तरी चालवा, असे दुरुस्ती करणारे बजावीत. पेटीतील उबेने दमटपणा जाई. शिवाय ज्या धारित्रांत ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा पातळ थर हाच विजेचा बांध असतो, त्यांतील तो थर फार दिवस वीज न मिळाल्यास कमजोर होतो आणि वीज मिळाल्यावर पुन्हा जमतो. जाणता कारागीर म्हणूनच जुना सेट एकदम पूर्ण दाबावर लावीत नसे. हळूहळू दाब चढवी.

कर्णा मुरतो काय?

आता ध्वनिक्षेपकाकडे वळू. राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी 1925 साली ज्या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, तीच थोड्याफार फरकाने आज घराघरांत आहे. कागदी शंकू, त्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे, ते लोहचुंबकाच्या फटीत लोंबते. आणि शंकू जागेवर राहावा म्हणून कडेला लवचीक कोर व मध्याशी घड्या पाडलेले कडक कापड. ही कोर आणि हे कापड म्हणजे एक प्रकारची कमान, म्हणजे स्प्रिंगच.

नवी वहाण चावते आणि चार दिवसांनी पायाला बसते. तसेच हे कापडही आरंभी ताठ असते व वाजविल्यावर सैल होते. हे मोजता येते. शंकूची नैसर्गिक कंपनसंख्या त्यामुळे थोडी खाली येते. तेव्हा मुरणे ही केवळ कल्पना नव्हे, हे प्रथम मान्य करू. पण या सैल पडण्यातील बराचसा भाग जोराने वाजविलेल्या पहिल्या काही मिनिटांतच उरकतो. त्याला महिना लागत नाही.

आणि सैल पडल्याने कानाला किती फरक पडावा? 1954 साली एडगर व्हिल्चर याने बंद पेटीचा एक लहान ध्वनिक्षेपक बाजारात आणला. त्याचे सूत्र असे की, कापडाची स्प्रिंग मुद्दाम अगदी सैल ठेवावी आणि शंकू सावरण्याचे काम पेटीत कोंडलेल्या हवेकडे द्यावे. हवा कधी थकत नाही आणि मुरतही नाही. जेथे मुख्य जोर हवेचा, तेथे कापड थोडे सैल झाले काय आणि न झाले काय, एकूण परिणामात फारसा भेद उरत नाही. पुढे 1961 साली ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील याने पेटी व शंकू यांचे गणित नीट मांडले, तेव्हापासून हा फरक किती लहान असावा हे कागदावरही दाखविता येऊ लागले.

तापण्याविषयी तर ध्वनिक्षेपकाची साक्ष उलटीच आहे. तांब्याची तार तापली की तिचा विद्युत्-विरोध प्रत्येक अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. जोराने वाजविताना वेटोळे शंभर अंशांनी तापले, तर विरोध सुमारे 39 टक्क्यांनी वाढून आवाज मंदावतो. म्हणजे ध्वनिक्षेपकाच्या दृष्टीने ताप हा दोष आहे.

कारण गेले, वहिवाट राहिली

डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि 1954 साली खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस निघाला. आपल्याकडे 1960 नंतरच्या दशकात तो शेताच्या बांधापर्यंत पोहोचला. त्याला तापावे लागत नव्हते. बटण लावले की तत्काळ आवाज! उलट आरंभीच्या जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरला ताप हा शत्रू होता. तापला की प्रवाह वाढे, प्रवाह वाढला की आणखी तापे, आणि शेवटी तो स्वतःलाच जाळून घेई. अभियंत्यांची सारी खटपट त्याला थंड ठेवण्याची होती.

1974 साली अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने ध्वनिवर्धकांविषयी एक नियम केला. विक्रेते शक्तीचे वाटेल ते आकडे छापीत, त्यांना आळा घालणे हा हेतू होता. नियमाप्रमाणे शक्ती मोजण्यापूर्वी ध्वनिवर्धक एक तास, घोषित शक्तीच्या एक तृतीयांश शक्तीने चालवावा लागे. पुढे 2000 साली हे प्रमाण एक अष्टमांशावर आणले गेले. कायद्यानेही यंत्र आधी तापवावयास सांगितले आहे, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. पण हेतू पाहा. ध्वनिवर्धक सर्वाधिक तापतो तो साधारण अशाच मध्यम शक्तीवर. कायद्याला पाहावयाचे होते ते यंत्र तापूनही कबूल केलेली शक्ती देते की नाही. पहिलवानाला आधी डोंगर चढवून मग कुस्तीला उभे करावे, तशी ती परीक्षा होती.

न्यायाने सांगावयाचे तर काही ट्रान्झिस्टर-ध्वनिवर्धकांतील प्रवाह स्थिर होण्यास थोडा वेळ घेतो, आणि तबकडीच्या पिनेस धरून ठेवणारे रबर थंडीत ताठरते. अशा जागी थोडी ऊब उपयोगी खरीच. पण वहिवाट तेवढ्यावर थांबली नाही. ती कारण गेल्यावर उलट फोफावली. ध्वनिवर्धक रात्रंदिवस चालू ठेवा, नवा ध्वनिक्षेपक शंभर किंवा दोनशे तास वाजवा आणि मगच मत द्या, असे सल्ले हौशी जगात रूढ झाले. ज्या जोडतारेत हलणारे, तापणारे वा सैल पडणारे काहीच नाही, तीही मुरवावी असे सांगितले जाऊ लागले. दोनशे तास म्हणजे रोज दोन तास ऐकणाऱ्या गृहस्थाचे शंभर दिवस. तेवढ्यात वस्तू परत करण्याची मुदत बहुधा संपलेली असते, हे विक्रेत्याला ठाऊक असते. गिऱ्हाइकाने मात्र ते हिशेबात धरलेले नसते.

मुरतो तो कोण?

परंतु श्रोतेहो, हा सारा विक्रेत्याचा कावा आहे असे म्हणून हात झटकणे बरोबर होणार नाही. शंभर तासांनी यंत्र गोड वाटू लागते, हा प्रामाणिक माणसांचा खरा अनुभव आहे. प्रश्न एवढाच की, या शंभर तासांत बदलले कोण?

नव्या घरात पहिल्या रात्री घड्याळाची टिकटिक झोपू देत नाही. आठव्या रात्री ती ऐकूही येत नाही. घड्याळ तेच असते. कान नव्या आवाजाला सरावतो आणि त्यालाच प्रमाण मानू लागतो. पदरचे पैसे मोजलेल्या वस्तूविषयी हा सराव आणखी लवकर होतो. त्यात डोळ्याची भर पडते. 1994 साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघा संशोधकांनी चाळीस श्रोत्यांना चार ध्वनिक्षेपक दोनदा ऐकविले, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या आणि भारी वाटणाऱ्या पेट्यांना भरघोस गुण मिळाले; पडद्याआड तेच श्रोते बसले तेव्हा ते अंतर पुष्कळ आटले. श्रोते खोटे बोलत नव्हते. ते डोळ्यांनीही ऐकत होते.

आपल्यासारख्या गाणे ऐकणाऱ्या समाजात तर या समजुतीला जुनी मुळे आहेत. नवी तार तंबोऱ्यावर चढविली की ती ताणते, उतरते, पुन्हा जुळवावी लागते आणि मग बसते. दमट हवेत तबल्याची पुडी उतरते, आणि शेकली की चढते. लाकूड, चामडे आणि तार यांचा हा धर्मच आहे. आपण तोच धर्म काचेच्या नलिकेला लावला, तो बऱ्याच अंशी लागू पडला. पुढे वाळूपासून केलेल्या सिलिकॉनच्या तुकड्याला लावला, आणि तेथे आपण फसलो. वाद्य स्वतः गाते, म्हणून त्याचा स्वभाव आपण जपतो. ध्वनियंत्राने मात्र स्वतःचा स्वभाव न दाखविता दुसऱ्याचे गाणे पोहोचवावे, अशी अपेक्षा आहे.

मग सामान्य माणसाने करावे काय? उपाय घरगुती आहे. दोन सारख्या वस्तू, एक वापरलेली आणि एक कोरी, पडद्याआड ठेवाव्यात. दोहोंचा आवाज समान उंचीवर आणावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक गोड वाटतो. बदल दुसऱ्या कोणी करावा व त्याची नोंद ठेवावी. आपण वीसएक वेळा ओळखून पाहावे. निम्म्याच्या आसपास उत्तरे बरोबर आली तर ती नाणे उडवूनही आली असती, असे समजावे. एडिसनने पढविलेले कान तपासण्यासाठी एवढे पुरेसे झाले असते.

काही दिवसांपूर्वी नातवाने आणलेल्या लहानशा यंत्रावर एक जुनी बैठक लागणार होती. मी सवयीने दहा मिनिटे आधी बटण लावले. तो म्हणाला, “आजोबा, हे तापत नाही.” मी म्हटले, “ठाऊक आहे रे.” तरी मी ते बंद केले नाही. त्या दहा मिनिटांत सुनेने स्वयंपाकघरातील काम आवरले, शेजारचे काका येऊन बसले, नातवाने फोन बाजूला ठेविला. गाणे सुरू झाले तेव्हा आम्ही सारे गप्प होतो, आणि ते खरोखरच गोड लागले.

वडिलांचा तिसरा दावा अशा रीतीने खरा होता, असे मला आता वाटते. फक्त त्याचे श्रेय त्यांनी पेटीला दिले होते. त्या पाच मिनिटांत पेटीतील नळ्या तापत होत्या आणि पेटीसमोरचे घर ऐकण्यासाठी तयार होत होते. नळ्यांचे काम आज उरलेले नाही. ते उरले आहे असे सांगून कोणी आपल्याकडून पैसे मागेल, तर ते देऊ नयेत. दुसऱ्या कामाला पैसे पडत नाहीत. ते मात्र चालू ठेवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.